जोत्याखाली एक बॅरल : मराठवाड्यातल्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांच्या बांधकाम विभागांतले उपअभियंते, शाखा अभियंते आणि घरकुलांवर देखरेख करणारे गृहनिर्माण अभियंते यांस

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी सुतार आहे. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. चौकटी, दारं, कपाटं, देव्हारे, शाळेची बाकडी, जे सांगाल ते करतो. घरात उधई, म्हणजे वाळवी निघाली की पहिलं बोलावणं मला येतं आणि पहिली शिवीही मलाच पडते. ‘कच्चं लाकूड घातलंस.’ चौकट पोखरली म्हणजे सुतारानं फसवलं, असा हिशेब आपल्याकडे पक्का झालाय. त्या घराचं जोतं कोणी भरलं, भर कसली टाकली, फरशीखाली औषध गेलं की नाही, हे विचारताना मी अजून कोणाला पाहिलं नाही.

उधई लाकडात जन्मत नाही. ती जमिनीतून वर येते. लाकडाचा भाग माझा आहे, त्याचं मी पुढं बोलतोच. जमिनीचा भाग तुमच्या अखत्यारीतला आहे आणि एकदा फरशी पडली की तो कायमचा झाकला जातो. म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. जोत्याची भर चोपून झाली की कोबा पडायच्या आधी तिथं उधईचं औषध मोजून टाकलं जावं, त्या वेळी तुमच्यापैकी कोणीतरी समोर उभं असावं आणि त्याचा एक फोटो घरकुलाच्या ॲपवर जोत्याच्या फोटोसोबत चढावा. एवढंच. बाकीचं पत्र हे का म्हणतोय ते सांगण्यासाठी आहे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडची दगडमातीची माळवदं, म्हणजे मातीच्या धाब्याची घरं माणसांवर पडली. त्यानंतर अख्ख्या मराठवाड्यानं माळवदाकडे पाठ फिरवली, आणि ते बरोबरच केलं. सिमेंट आलं, सळई आली, स्लॅब आला. पण त्याबरोबर एक समजही घट्ट झाला, की सिमेंटच्या घराला उधई लागत नाही. माळवदाच्या घरात खांब, तुळया, नाटा, किलचनं सगळं उघड्यावर होतं. दिवाळीच्या सारवणाला म्हातारी बाई खांबाच्या बुडाला काठीनं ठोकून बघायची, पोकळ वाजलं की घरात आरडाओरडा व्हायचा. आताच्या घरात ठोकायला खांबच नाही. उधई सिमेंट खात नाही हे खरं, पण सिमेंट तिला अडवतही नाही. कोब्याची बारीक चीर, भिंत आणि फरशीच्या मधली फट, नळासाठी किंवा वायरीसाठी पाडलेलं भोक, यातली कोणतीही वाट तिला पुरते. अगदी बारीक फट असली तरी तिचं भागतं. मग ती चौकटीच्या मागून चढते, गिलाव्याच्या आतून वर सरकते आणि पहिल्यांदा दिसते ती थेट भिंतीतल्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत नाहीतर पोरांच्या मार्कशीटच्या फायलीत.

तिचं काम कसं चालतं हे तुम्ही शिकलेले आहात, मी हातानं बघितलेलं सांगतो. दिसते ती बहुतेक कामकरी. राणी खाली जमिनीत असते आणि ती वर्षानुवर्षं अंडी घालत राहते. कामकऱ्यांचं अंग मऊ, ऊन आणि कोरडी हवा त्यांना सोसत नाही. म्हणून त्या मातीची नळी बांधत बांधत येतात, लाकूड खातात आणि ओलीसाठी परत जमिनीत जातात. त्यामुळं चौकटीवर दिसणाऱ्या चार-दोनशे मारून काही होत नाही. लोक रॉकेल ओततात, जळकं ऑइल फासतात, मीठ, हिंग, चुना, ज्याला जे सुचेल ते. नळी पुसली जाते, दोन दिवस समाधान होतं आणि पंधरा दिवसांनी उधई दुसऱ्या कोपऱ्यातून निघते. रॉकेलनं आग लागायची भीती असते ती वेगळीच.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखाचे किडे थवे करून येतात, सकाळी झाडताना नुसते पंख निघतात, ते हिचेच नर-मादी. बहुतेक पाली आणि पाखरं खाऊन टाकतात. जी जोडी वाचते ती ओल्या मातीत शिरून नवा संसार मांडते. बाहेरून चार पंख उडून आले तर घाबरायचं कारण नाही, पण बंद खोलीच्या आतून, चौकटीच्या कडेनंच ते निघायला लागले तर समजायचं की वस्ती पायाशी आहे.

हे शेतातल्या वारुळाविरुद्धचं पत्र नाही, हेही सांगतो. नागपंचमीला आमच्या घरच्या बायका वारुळाला दूध-लाह्या घेऊन जातात, फेर धरतात, आणि ते तसंच चालू राहावं. रानात उधई पालापाचोळा, काडीकचरा खाऊन त्याची माती करते, तिथं तिचं कामच आहे ते. माझं भांडण घराच्या चार भिंतींपुरतं.

आता काळ्या मातीकडे येतो, कारण मला वाटतं मराठवाड्याचा खरा घोळ इथं आहे आणि पुण्या-मुंबईचे नियम जसेच्या तसे इथं लावले की तो निसटतो. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तशाच त्या घराच्या कडेनंही पडतात. बाहेरचा ओटा जोत्यापासून सुटतो, मधे बोटभर फट राहते. बाहेरून मातीत औषध टाकलेलं असलं तरी ती मातीच फाटली तर औषधाचा पट्टा फाटतो आणि उधईला वाट मिळते. त्यात जोत्यात भर म्हणून मुरूम लिहिलेला असतो आणि पडते ती पायातून निघालेली काळी मातीच, कारण मुरमाची ट्रॉली पैसे मागते आणि काळी माती तिथंच फुकट पडलेली असते. त्या मातीत झाडाची मुळं असतात. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या असतात. गवंडी म्हणतो, ‘गाडून टाक, कोण बघतंय.’ उधईला घरात यायचं आमंत्रण आपणच फरशीखाली ठेवतो. कोणतंही औषध टाकायच्या आधी हा कचरा वेचायला लावा. यात एक रुपयाही जात नाही, नुसतं कोणीतरी वाकून बघावं लागतं.

मोजमापाचं बोलू, कारण तुम्हाला ते आवडेल. बांधकामापूर्वीच्या उधई-प्रतिबंधासाठी भारतीय मानक आहे, आयएस 6313 भाग 2. त्यात जोत्याच्या भरावर चौरस मीटरला 5 लिटर द्रावण सांगितलंय. बाहेरच्या कडेला जोत्याला लागून 300 मिलिमीटर खोलीपर्यंत, भिंतीच्या उभ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला 7.5 लिटर. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरचं. पाच बाय पाच धरलं तर भरावर 125 लिटर आणि 20 मीटरच्या घेराला बाहेरून 45 लिटर. पायाच्या चऱ्यांचं वेगळं. म्हणजे फरशीखालचं आणि कडेचं मिळून 170 लिटर, 200 लिटरच्या एका बॅरलमध्ये बसेल एवढं. क्लोरपायरीफॉस 20 ईसीचं (20 टक्के तीव्रतेच्या औषधाचं) एक टक्क्याचं द्रावण करायचं तर एका लिटरला 19 लिटर पाणी, म्हणजे 125 लिटरला सव्वासहा लिटर औषध. इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी वापरलं तर लिटरला 2.1 मिली, म्हणजे तेवढ्याच द्रावणाला पाव लिटरच्या थोडं वर.

आणि प्रत्यक्षात काय होतं? एक माणूस पाठीवर फवारणीचा 16 लिटरचा पंप घेऊन येतो, कापसावर मारावं तसा भरावर एक हात फिरवतो, वास सुटतो, सगळ्यांची खात्री पटते. एक पंप 25 चौरस मीटरला म्हणजे चौरस मीटरला पाऊण लिटरही नाही. माती वरून ओली दिसते, खाली बोटभरही मुरत नाही. औषध पडलं म्हणायला पडलं, उधईला त्याची खबर नाही. मी तर म्हणेन की यापेक्षा काही न टाकलेलं बरं, निदान घरमालक सावध तरी राहतो.

शाळाखोल्या, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रं यांच्या अंदाजपत्रकात ही बाब बहुतेक वेळा असते, दहा वर्षांच्या हमीसकट असते, स्टॅम्प पेपरही जोडलेला असतो. ती एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात चढते, तिचं बिल निघतं. पण काँक्रीटचा क्यूब तुम्ही फोडून बघता, सळई मोजून घेता, तसं हे नंतर मोजता येत नाही. फरशीखालचं कोणाला दिसणार? म्हणून ही बाब त्याच दिवशी, त्याच जागी उभं राहून तपासायची आहे. बॅरल किती भरला, किती बाटल्या फुटल्या, किती वेळात मुरलं. रिकाम्या बाटल्यांवरचा बॅच नंबर एमबीत लिहायला पाच मिनिटं लागतात. त्या बाटल्या नंतर तिथंच ठेचून वस्तीपासून लांब पुरायला लावा, नाहीतर त्याच बाटलीतून उद्या कोणी गोडेतेल आणतं.

घरकुलाचं दुखणं वेगळं. मिळालेल्या अनुदानात माणूस विटा आणू का सळई आणू या विवंचनेत असतो, त्याला उधईचं औषध सांगितलं तर तो हसेल. पण इथंच तुमच्या हातात एक चांगलं हत्यार आहे. टप्प्याटप्प्याचे जिओ-टॅग फोटो ॲपवर चढल्याशिवाय हप्ता पडत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जोत्याच्या फोटोला तुम्ही जाताच. त्याच फेरीत भरावर ओतलेल्या बॅरलचा एक फोटो काढा. ॲपमध्ये त्याला रकाना नसेल तर कार्यालयाच्या फायलीत लावा. एका गावात दहा-पंधरा घरकुलं एकाच वेळी जोत्यावर आलेली असतात. ग्रामपंचायतीनं एकदाच औषध आणून एकाच दिवशी सगळ्यांना टाकलं तर खर्च वाटला जातो आणि तुमच्या फेऱ्याही वाचतात.

कोणतं औषध, हे मात्र जुन्या कागदावरून उतरवून घेऊ नका. एकेकाळी आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर सर्रास टाकायचे, त्यांच्यावर केव्हाच बंदी आली. 2025 मध्ये क्लोरपायरीफॉसचंही नाव काही सवलती ठेवून स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक रसायनं बंद करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेलं. तेव्हा अंदाजपत्रकात एकाच औषधाचं नाव कोरून ठेवण्यापेक्षा ‘त्या वेळी इमारतीतल्या उधईसाठी नोंदणी असलेलं’ असं लिहा. शेतात उरलेलं अर्धं डबडं आणून अंदाजानं ओतणं बंद करा. विहीर किंवा बोअर जवळ असेल तिथं जास्त जपून, जमीन पावसानं भिजलेली असेल तर त्या दिवशी काम नको, आणि ओतणाऱ्याच्या हातात मोजे, तोंडाला मास्क असलाच पाहिजे. हे विष आहे. गवंड्याचं लेकरू त्याच भरावर खेळताना मी पाहिलंय.

आता माझ्या भागाचं. सागवान म्हटलं की लोक निर्धास्त होतात. सागाचा गाभा उधईला सहसा दाद देत नाही हे खरं. पण सालीलगतचं पांढरं लाकूड, ते सागाचं असलं तरी उधईला चालतं, आणि हल्ली लागवडीची कोवळी झाडं तोडून येतात त्यात पांढरंच फार. गिऱ्हाईक सागाचं नाव घेतं आणि भाव पांढऱ्याचा देतं, मग चौकट कशाची निघणार? कडुनिंबाचा गाभाही टिकतो. बाभळीचे ओंडके आमचे वडीलधारे महिनोन्महिने पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे भुंगा लागत नाही. आता माणसांना टँकर, ओंडक्याला पाणी कुठून आणायचं! हां, भुंगा आणि उधई यांत गल्लत करू नका. लाकडाला गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगा. माती दिसली की उधई. दोघांचे उपाय वेगळे आणि फवारणीवाला मात्र दोन्हीला एकच बिल लावतो.

प्लायवूडवर उधई-प्रतिबंधक असा शिक्का असतो, चांगल्या मालात तो खराही असतो. पण कापलेली कड उघडी राहते आणि भिंतीला टेकलेली पाठ कोणी रंगवत नाही. कपाट भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवा असं सांगितलं की बाई म्हणते, ‘मागं झुरळं होतील.’ होऊ द्या, झुरळ दिसतं तरी.

आणखी एक गोष्ट आहे, ती सुतारांच्या नव्हे, गवंड्यांच्या सवयीची. चौकटीचे पाय फरशीखाली दोन-तीन इंच गाडायचे, ‘मजबूत राहते’ म्हणून. उधईला पायरीच करून दिली. चौकट होल्डफास्टनं, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीत धरते, तिचे पाय मातीत लागत नाहीत तेवढं बरं. पाय फरशीच्या वर, दगडाच्या तुकड्यावर टेकवा, भिंतीकडची बाजू बसवण्याआधी औषध आणि डांबर लावून घ्या. सरकारी कामात तर सरळ दगडी किंवा सिमेंटची चौकट घाला. माझा धंदा कमी होईल, पण शिव्याही कमी होतील.

गावकऱ्यांनाही एक सांगायचंय, आणि तेही तुमच्याच तोंडून गेलं तर ऐकतील. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचा, तुराट्यांचा ढीग घराच्या भिंतीलाच रचला जातो. वर्षभराचं जळण. त्या ढिगाखाली ओल असते, सावली असते, खायला काडी असते. तिथून भिंतीपर्यंत यायला उधईला एक पावसाळा पुरतो. कडब्याची गंज, जुनी दारं, मोडकी बैलगाडी, सगळं भिंतीला टेकून. ढीग चार हात लांब, दगडांवर रचला तर अर्धं काम झालं.

एकदा उधई लागल्यावरही इलाज आहे, पण तो महाग आणि कटकटीचा. भिंत आणि फरशी मिळते तिथं एकेक फुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडायची, आत औषध सोडायचं, वर सिमेंट भरायचं. शहाबादी फरशी असली तर निभतं, टाइल असली तर कपचे उडतात. बाथरूमची गळती आधी बंद करावी लागते, नाहीतर ओल तिला बोलावतच राहते. आणि भोकं पाडून झाली की लगेच चौकट बदलू नका, आधी नळी पुन्हा येते का ते बघा.

शाळांचं शेवटी लिहितोय, पण मला ते सगळ्यात लागतं. 2023 मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या कागदाची किंमत अख्ख्या मराठवाड्याला कळली. कोणत्याही जातीचा माणूस असो, दाखल्यासाठी तो शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत पणजोबाचं नाव शोधत येतो. दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर तिथं लाकडी कपाटात, कपाट भिंतीला टेकून, भिंत ओली. एका शाळेत कपाट दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. रजिस्टराचा पुठ्ठा शाबूत होता, आतली पानं मातीची झाली होती. समोर एक म्हातारे बाबा बाकड्यावर बसलेले, त्यांना मुख्याध्यापक काय सांगणार? ज्याचं नाव त्या पानावर होतं त्याला कोणतीही हमी, कोणताही स्टॅम्प पेपर भरून देऊ शकत नाही. लोखंडी कपाट, भिंतीपासून वीतभर सुटं, खाली विटा, आणि जून लागायच्या आधी एकदा सगळी रजिस्टरं बाहेर काढून झटकणं. एवढं करायला वेगळा निधी लागतो का?

आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी जोती भरायची घाई असते. फेब्रुवारीपासून गवंड्यांची कामं लागतात. त्याआधी पंचायत समितीत गवंडी, ठेकेदार आणि घरकुल लाभार्थी यांची एक बैठक लावा. एका टेबलावर पंपातलं 16 लिटर द्रावण आणि एका टेबलावर 125 लिटरचा बॅरल ठेवून दाखवा, कोणाला वेगळं समजवायला लागणार नाही. तारीख कळवा. मी सागाचा गाभा, पांढरं लाकूड आणि फरशीत गाडलेल्या चौकटीचे खाल्लेले पाय घेऊन येतो, ते माझ्या दुकानामागं पुष्कळ पडलेत.

आपला,
एक सुतार, बीड जिल्हा